पायाचं हाड मोडलंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरी कसं निभवायचं?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड मोडलंय. इमारतीच्या जिन्याची शेवटची पायरी पावसानं ओली होती, पाऊल आतल्या बाजूला वळलं आणि 'कट्' आवाज मलाच ऐकू आला. एक्स-रे झाला, गुडघ्याच्या खालपर्यंत स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, घातलाय. डॉक्टरांकडे ही गर्दी. "पाचवं मेटाटार्सल, बेसला फ्रॅक्चर, सहा आठवडे, पाय टेकू नका, आठवड्यानं या" एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. कागदावरही तेवढंच आहे.

आता खरे प्रश्न. आम्ही डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. नवरा पहाटेची लोकल गाठतो, मुलगी बारावीला, सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्यांना माझं करायला लावणं जिवावर येतं. हाड काय, जुळेल. पण आंघोळ कशी करायची? संडासला कसं बसायचं? चहाचा कप ओट्यापासून कॉटपर्यंत न्यायचा कसा? आणि आठवड्यानं दाखवायला जाताना तीन मजले उतरायचे कसे?

"काळजी घ्या" लिहिणाऱ्यांचे आधीच आभार मानते, पण मला युक्त्या हव्या आहेत.

मीठभाकर

काळजी घे. (लिहिलंच शेवटी.)

संडासाचं आधी बघ, ते उद्यावर ढकलता येत नाही. मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, खालचा डबा काढला की ती भारतीय भांड्याच्या वर ठेवता येते. विकत घेऊ नकोस. बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं. कुठे एखादा ट्रस्ट चालवतो, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे गणपती मंडळ. वॉकर, कुबड्या, कमोड खुर्ची, व्हीलचेअर, सगळं अनामत रकमेवर आणि नाममात्र भाड्यानं देतात. जवळच्या औषधाच्या दुकानात विचार, त्यांना ठाऊक असतं. खुर्ची घरी आली की आधी चारी पायांची रबरी बुचं तपास. झिजलेली असली तर बदलून घे, ओल्या लादीवर तीच खुर्ची घसरते. सर्जिकलच्या दुकानात सुटी बुचं मिळतात.

घाटवाट

जरा थांबा. युक्त्या नंतर, आधी हाड नेमकं कुठे मोडलंय ते विचारा. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी "फ्रॅक्चर" एवढ्यानं काहीच कळत नाही. मला आणि माझ्या ट्रेकमधल्या दोस्ताला एकाच वर्षी एकाच हाडाला मार लागला. तो काही आठवड्यांत बूट घालून ऑफिसला जायला लागला, मी पाय अधांतरी धरून पावसाळा काढला आणि शेवटी आत स्क्रू बसवला. दोघांच्याही कागदावर लिहिलं होतं तेच, जे तुमच्या कागदावर आहे.

सोनटक्का

@मीठभाकर, अगं ही केंद्रं मला माहीतच नव्हती. सांगते नवऱ्याला.

@घाटवाट, तुम्ही तर घाबरवलंत. एकाच हाडाचं एवढं काय वेगळं?

अस्थिपंजर

मी ऑर्थोमधला आहे. एक्स-रे न बघता इथून उपचार सांगणार नाही, तुमचे डॉक्टर सांगतील तेच करायचं. पण घाटवाट म्हणतात त्यात तथ्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पावलात 26 हाडं. त्यातली पाच लांबट हाडं म्हणजे मेटाटार्सल, आणि करंगळीकडचं ते पाचवं. पाऊल आत वळलं की त्याच्या मागच्या टोकाला चिकटलेले स्नायुबंध जोरात ताणले जातात आणि त्या टोकाचा तुकडा निघतो. हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. तो बहुधा विनातक्रार जुळतो, आणि यात बरेच सर्जन कडक तळाचा बूट देऊन दुखेल तितपत पाय टेकू देतात.

मोड त्याच्या जरा पुढे, चौथ्या हाडाशी जिथे सांधा आहे त्या पातळीला असेल तर तो जोन्स फ्रॅक्चर. तिथला रक्तपुरवठा तोकडा. शेवटच्या वाडीला एसटी दिवसातून एकदाच यावी, तशी गत. म्हणून तिथे पाय अजिबात न टेकता सहा-आठ आठवडे प्लास्टर, आणि कधी कधी स्क्रू. खेळाडूंना तर बऱ्याचदा आधीच स्क्रू सुचवतात. त्याच्याही पुढे मोड असेल तर तो बहुतेक ताण साचून झालेला असतो आणि त्याला जास्तच वेळ लागतो.

हे नाव लिव्हरपूलच्या सर रॉबर्ट जोन्स यांचं. 1902 साली त्यांनी यावर लेख लिहिला, आणि त्यातला एक पाय त्यांचा स्वतःचा होता. नाचताना मोडला होता. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती, त्यामुळे मुरगळा समजून शेकत बसण्याऐवजी त्यांना मोड डोळ्यांनी बघता आला.

पुढच्या भेटीत तीन गोष्टी विचारा आणि त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्या: मोड नक्की कुठे आहे, पायावर किती भार चालेल (शून्य, थोडा की सोसेल तेवढा), आणि पुढचा एक्स-रे कधी. गर्दीतही ही तीन उत्तरं द्यायला कोणाला जड जात नाही.

रोखठोक

डॉक्टर स्वतःहून तीन वाक्यं जास्त बोलले असते तर हा धागा निघालाच नसता. असो.

अस्थिपंजर

@रोखठोक, मान्य.

आणि एक राहिलं, ते बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. गोळी घेऊन, पाय उंच ठेवूनही कळ वाढतच गेली, बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा हलवता येईनाशी झाली, तर रात्र असली तरी निघायचं. स्लॅब किंवा प्लास्टर आवळत असू शकतं. पोटरी दुखून सुजली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्यातही सकाळची वाट बघायची नाही.

फिजिओची_वही

जिन्याचं मी सांगते, माझं रोजचं काम आहे.

पाय अजिबात टेकायचा नसेल तर सगळ्यात सुरक्षित जिना म्हणजे बसून. लाज वाटते, पण पडण्यापेक्षा बरं. उतरताना वरच्या पायरीवर बसायचं, दुखरा पाय समोर लांब, चांगला पाय खालच्या पायरीवर, दोन्ही हातांवर भार घेऊन बूड एक पायरी खाली. चढताना पाठ जिन्याकडे करून तेच उलट. जुनी साडी किंवा जाड सलवार नको, अडकते, ट्रॅकपँट घाला. प्रत्येक मजल्याच्या चौकात एकेक खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगा, तिथे दम खायचा. वॉकर घेऊन जिना कधीच नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलून न्यायची पद्धत आपल्याकडे आहे, ती मला बघवत नाही. त्या खुर्चीचे पाय कधी फाकतील सांगता येत नाही. न्यायचंच असेल तर लाकडी किंवा लोखंडी, हाताची खुर्ची घ्या आणि माणसं तीन.

पुढे थोडा भार टेकायला सांगतील तेव्हा कठडा आणि कुबडी धरून चढता येईल. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबडी आधी.

कुबड्या घेतल्याच तर उंची नीट लावून घ्या. काखेत आणि कुबडीच्या गादीत दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे, भार तळहातांवर. काखेवर लोंबकळलात तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडल्यासारखं होतं. असे पेशंट दरवर्षी येतात.

जुनीजाणती

अगं सोनटक्का, आंघोळीचं मी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा पाय मोडला तेव्हा सुनेनं सगळं केलं, पण आंघोळ मी माझी करत होते. न्हाणीघरात पाठ असलेली प्लॅस्टिकची खुर्ची, समोर छोटं स्टूल, त्यावर पाय लांब. प्लास्टरवर दुधाची नव्हे, चांगली जाड पिशवी, वर दुसरी पिशवी, गुडघ्याखाली रुंद चिकटपट्टी. तरीही पाय पाण्याच्या धारेत धरायचा नाही, पिशवी फक्त शिंतोड्यांसाठी. बादली डाव्या-उजव्या हाताला, खाली वाकावं लागणार नाही अशी दुसऱ्या स्टुलावर. दाराला आतून कडी लावू नकोस. साबण जमिनीवर पडला तर पडू दे, उचलायला जायचं नाही.

आणि सासूबाईंना करू दे गं थोडं. आम्हा म्हाताऱ्यांना कोणी काही सांगतच नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.

नाचणीसत्त्व

कांडवेल बांधा. म्हणजे हाडजोडी. आमच्या गावी वैद्य लेप लावून पट्टा बांधायचे, पंधरा दिवसांत माणूस शेतात. शिवाय रोज पायासूप. हाडाला हाडच लागतं.

रोखठोक

पंधरा दिवसांत शेतात गेलेल्यांपैकी किती जण आयुष्यभर लंगडले, त्याचा हिशोब त्या वैद्यांकडे असायचा का?

नाचणीसत्त्व

तुम्हाला आपलं काहीच चांगलं दिसत नाही. हजारो वर्षांची विद्या आहे.

अस्थिपंजर

भांडू नका. कांडवेलीवर संशोधन चालू आहे, पण प्लास्टरऐवजी ती वापरावी असं म्हणण्यासारखं काही हातात नाही. लेप लावून घट्ट पट्टा बांधल्यावर बोटं काळी पडलेली मी पाहिली आहेत. स्लॅब सोडून पट्टा बांधू नका, एवढंच.

पायासूप आवडत असेल तर खुशाल प्या, पण त्याच्या कॅल्शियमवर फार भरवसा ठेवू नका. दूध, दही, तीळ, आणि तुमच्या नावातली नाचणी त्याबाबतीत कितीतरी सरस आहे. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. प्रथिनंही हवीत, डाळ, अंडी, मासे, जे चालत असेल ते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे भरपूर आहे, तपासून मगच गोळ्या घ्या. सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, ते रोज घेणारे लोक भेटतात.

जे खरंच हाड जुळू देत नाही ते कोणी विचारत नाही: तंबाखू. सिगरेट, मशेरी, गुटखा, सगळं त्यात आलं.

नाचणीसत्त्व

नाचणीचं मान्य केलंत, पुरे.

एडिसनचा_बाळ्या

इथे अमेरिकेत नी स्कूटर मिळते. गुडघा टेकवून ढकलायची छोटी सायकलच. मी तिच्यावर घरभर फिरलो, ऑफिसलाही गेलो. भारतात ऑनलाइन मिळतात म्हणे, मागवून बघा.

मीठभाकर

बाळ्या, डोंबिवलीच्या घरात न्हाणीघराला उंबरठा आहे, स्वयंपाकघरात वळायला जागा नाही आणि खाली तीन मजले. तुझी स्कूटर पॅसेजमध्ये अडकून बसेल. :-)

एडिसनचा_बाळ्या

हे बाकी खरं. इथेही जिन्याला तिचा काही उपयोग नव्हता, बसूनच चढायचो. आई व्हिडिओ कॉलवर बघून रडली होती.

सोनटक्का

आठवडा झाला, दाखवून आले. प्रतिसाद द्यायला उशीर झाला कारण हात दुखत होते. जिना हातांनीच उतरला ना. सगळ्या इमारतीनं बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खुर्चीबरोबर पाण्याचा तांब्यापण ठेवला होता.

तीन प्रश्न कागदावर लिहूनच नेले होते. डॉक्टर हसले, पण एक्स-रे दिव्यावर लावून दाखवला. टोकाचा तुकडा आहे, जोन्स नाही. स्लॅब काढून गुडघ्यापर्यंतचा बूट दिलाय, सोसेल तितका भार टेकायला सांगितलाय, वॉकर धरून. झोपताना बूट काढला तरी चालेल. महिन्यानं पुन्हा एक्स-रे. घाटवाट, तुमच्या प्रतिसादामुळे विचारलं, नाहीतर मी सहा आठवडे पाय अधांतरीच धरला असता.

रुग्णसाहित्य केंद्रातून कमोड खुर्ची आणि घडीचा वॉकर आणला. बुचं झिजलेली होतीच.

आता नवा प्रश्न. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात. चहा?

जुनीजाणती

गळ्यात शबनम. त्यात थर्मास, मोबाईल, चष्मा. चहा कॉटवर बसून थर्मासमधून ओतायचा. उघडा कप घेऊन चालायचंच नाही.

घाटवाट

वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधता येते, पण जड काही नको, वॉकर पुढे कलंडतो. आणि घरातली चाकांची ऑफिसखुर्ची वापरायचा मोह होईल. ओट्यापाशी बसून सरकायला ती छान, पण उठताना ती मागे पळते. मागे भिंत असल्याशिवाय तिच्यावरून उठू नका.

फिजिओची_वही

ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून काम करताना पाय लोंबता राहतो आणि संध्याकाळी फुगतो. दर थोड्या वेळानं आडवं व्हा. सूज उतरायला पाय छातीच्या पातळीच्या वर हवा. नुसता मोढ्यावर ठेवून भागत नाही. पाठ टेकून झोपायचं आणि पोटरीखाली दोन उश्या. बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही.

बुटाचा तळ जाड असतो, म्हणून दुसऱ्या पायात घरातही जाड तळाची चप्पल किंवा बूट घाला. नाहीतर एक पाय उंच, एक आखूड होऊन महिन्याभरात कंबर धरते. मग माझ्याकडे पायासाठी नव्हे, कंबरेसाठी यावं लागतं.

बोटं हलवत राहा. गुडघा सरळ ठेवून पाय उचलायचा व्यायाम पडल्या पडल्या आजपासूनच करा, मांडी वाळत नाही.

मोरपंखी

धागा हायजॅक करत नाहीये, पण याच हाडाचं आहे म्हणून विचारते. माझा मुलगा बारा वर्षांचा, फुटबॉल खेळताना पाय वळला. एक्स-रेत पाचव्या हाडाच्या बुडाशी रेघ दिसते. एक डॉक्टर फ्रॅक्चर म्हणाले, दुसरे म्हणाले काही नाही, वाढीचं हाड आहे. कोणाचं ऐकू?

अस्थिपंजर

दोन्ही शक्य आहे. साधारण दहा ते चौदा वयात तिथे वाढीचा एक वेगळा तुकडा असतोच. त्याची रेघ हाडाच्या लांबीला समांतर जाते, मोडाची रेघ बहुतेक आडवी असते. शिवाय बोट ठेवून नेमकं तिथेच दुखतं का, ते बघावं लागतं. फिल्म आणि मुलाचा पाय दोन्ही एकत्र बघणाऱ्याचं ऐका. व्हॉट्सॅपवर फक्त फिल्म बघून सांगणाऱ्याचं नको, त्यात मीही आलो.

पालखीसोहळा

आमच्या आत्याचं लिहितो, प्रकार थोडा वेगळा आहे. आळंदी ते पंढरपूर चालली, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पडली नाही, मुरगळलं नाही, काही नाही. परत आली तेव्हा पाऊल वरून सुजलेलं, टेकलं की कळ. एक्स-रे काढला, स्वच्छ. "चालल्यानं दुखतंय, तेल लावा." दोन-तीन आठवड्यांनीही राहिना, म्हणून परत काढला तेव्हा दुसऱ्या मेटाटार्सलवर नवीन हाडाचा गोळा दिसला. मोडून जुळायलाही लागलं होतं.

अस्थिपंजर

अगदी नमुनेदार. याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात, कारण आधी ते कवायत करणाऱ्या सैनिकांत दिसलं. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं 1855 सालीच सैनिकांच्या सुजलेल्या पावलांबद्दल लिहून ठेवलंय. सवय नसताना एकदम खूप चाललं की हाडाला तडा जातो, आणि पहिले काही आठवडे एक्स-रे कोरा असू शकतो. वारीला आणि मॅरेथॉनला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आत्यांचं वय पन्नाशीपुढचं असेल तर हाडांची घनता, म्हणजे डेक्सा, एकदा करून घ्या. सोनटक्काताई, तुम्हालाही हेच सांगेन, पाळी जाण्याच्या आसपास असाल तर.

मधुमेह असलेल्यांसाठी एक ओळ: पाऊल लाल, गरम, सुजलेलं आणि तरी फारसं दुखत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे. लगेच दाखवा.

पालखीसोहळा

आत्या 63. डेक्सा केली, हाडं ठिसूळ निघाली, आता औषध चालू आहे. पुढच्या वर्षी जाणारच म्हणते. सराव मात्र फाल्गुनापासून करून घेणार आहोत.

आडवाटेची

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकली म्हणून लिहिते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना हेच फ्रॅक्चर झालं. त्यांनाही "सहा आठवडे आराम" सांगितलं. चार घरांची कामं, दोन घरांनी दुसऱ्याच आठवड्यात नवीन बाई ठेवली. मावशी तिसऱ्या आठवड्यात प्लास्टरवर प्लॅस्टिक गुंडाळून कामावर हजर. उश्या, थर्मास, डेक्सा हे सगळं ज्याचा पगार चालू असतो त्याचं.

रोखठोक

पहिल्यांदाच या धाग्यावर काही बोलता येत नाहीये.

मीठभाकर

@आडवाटेची, मग तुम्ही काय केलंत?

आडवाटेची

पूर्ण पगार दिला आणि घरी बसवलं. उरलेल्या एका घराशी बोलले, त्यांनी अर्धा दिला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर "पायंडा पडेल" म्हणून वाद झाला. मुद्दा एवढाच की घरी कोणी मावशी येत असतील तर हे आधी ठरवून ठेवा, मोडल्यावर नाही.

सोनटक्का

पटलं. आमच्याकडे भांड्याला येतात त्यांच्याशी बोलणार आहे. माझी रजा पतसंस्थेनं मंजूर केली, तेही विशेष आहे म्हणायचं.

अपडेट: एक्स-रे झाला. रेघ अजून दिसते, पण दाबल्यावर दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, फिल्म मागून येते, पाय आधी बरा होतो. बूट हळूहळू बंद. आणि बूट काढल्यावर जे दिसलं त्यानं मीच दचकले. पोटरी निम्मी, कातडी कोरडी पापुद्रे सुटलेली, घोटा गंजलेला. जमिनीवर पाऊल ठेवलं तर तळव्याला मुंग्या. हे असंच असतं का?

फिजिओची_वही

असंच असतं. कोमट पाण्यानं धुवा, खोबरेल लावा, कातडी खरवडू नका. घोट्यासाठी सोपा व्यायाम: पाय हवेत धरून अंगठ्यानं बाराखडी काढायची. ज्ञ पर्यंत पोचलात की घोटा सगळ्या दिशांना फिरलेला असतो. जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी गोळा करायचा. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. दुखणं थांबलं की ओटा धरून एका पायावर उभं राहायचं, आधी काही सेकंद. हा शेवटचा व्यायाम लोक टाळतात, आणि त्याच पायानं पुन्हा मुरगळतात. तोल कमी झालेला असतो, तो परत शिकवावा लागतो.

संध्याकाळची सूज आणखी तीन-चार महिने राहील, कधी जास्तही. तिला घाबरू नका. पण पावलाची सतत आग, रंग बदलणं, चादरीचा स्पर्शही सोसेना असं झालं तर उशीर न करता डॉक्टरांना दाखवा.

घाटवाट

स्कूटी कधी चालवणार हा प्रश्न येईलच. अचानक थांबून दोन्ही पाय जोरात टेकता येतात का, ते आधी बंद स्कूटीवर बसून बघा. बूट घालून तर नाहीच.

सोनटक्का

बाराखडी चालू आहे. सासूबाई समोर बसून तपासतात. काल म्हणाल्या, "तुझा 'ळ' चुकतोय." स्वयंपाक गेला महिनाभर त्यांनीच केला, आणि आता ओटा मला परत द्यायला तयार नाहीत. जुनीजाणती, तुम्ही बरोबर होतात.

जिना उभ्यानं उतरले. कठडा धरून, दुखरा पाय आधी.

दगडफूल

मूक वाचक होते, आज खाते उघडलं. काल वडिलांचं हेच हाड मोडलं, ठाकुर्लीत राहतो, दुसरा मजला, लिफ्ट नाही. धागा पहिल्यापासून वाचून काढला, तीन प्रश्न लिहून घेतलेत. ते रुग्णसाहित्य केंद्र कुठे आहे, सांगू शकाल का? आणि वॉकर वडिलांच्या उंचीला होईल का? ते जवळपास सहा फूट आहेत.

सोनटक्का

पत्ता तुमच्या विपुत (विचारपुशीत) टाकते. वॉकरच्या चारी पायांना खटके असतात, उंची वाढते. उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. मी शनिवारी परत करणार आहे, त्याआधी केंद्राला फोन करून तुमच्या नावावर ठेवायला सांगते. बुचं मी नवीन बसवली आहेत, ती काढून घेणार नाही. :-)